मिझोगुचीला दिलेलं मत

जुलैची दुपार होती. जपानी बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी कोशिएन मैदानाबाहेरच्या रांगेत फुमिए उभी होती. दोन लीगच्या वेगवेगळ्या संघांतून चाहत्यांनी मतं देऊन निवडलेले खेळाडू आज लीगविरुद्ध लीग असे खेळणार होते. तिच्या पुढे दोन अनोळखी माणसं बोलत होती, गळ्यात निळा टॉवेल घातलेली एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ.

“आजोबा, आज कुणाच्या बाजूनं?”

“पॅसिफिक लीगच्या.”

“मग आपण एकाच बाजूचे! माझ्या वडलांच्या वेळी पॅसिफिकचे सामने बघायला काळं कुत्रं नसायचं हो. आपली पोरं टीव्हीवर दिसायची ती याच सामन्यात, म्हणून जीव तोडून खेळायची.”

“आता मैदानं भरतात.”

“भरतात, पण या दिवसाची गोडी वेगळीच. तो कॅचर मिझोगुची आहे ना, दर वेळी आमच्या संघाला रडवतो. वर्षभर मी त्याला शिव्या घालते. पण आज त्याच्यासाठीच ओरडणार. मतसुद्धा दिलंय त्याला!”

“विरुद्ध संघाच्या असून?”

“चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा निवडून आलाय बिचारा. तुम्ही नाही दिलंत?”

“नाही. त्यानं आमचं तोफूचं दुकान पुढे चालवायचं नाकारलं, तेव्हापासून सोळा वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही.”

“म्हणजे तुम्ही त्याचे...”

“वडील.”

“अगंबाई! मग तो बॅटिंगला आला की म्हणायचं गाणं तरी शिकून घ्या माझ्याकडून.”

“शिकवायला नको. पाठ आहे मला.”

आणि म्हातारबाबांनी भर रांगेत खणखणीत आवाजात गायला सुरुवात केली. बाईनं टॉवेल डोक्यावर फिरवत दुसरी ओळ उचलली. तिसऱ्या ओळीला फुमिएही गात होती.