निम्मी आग

वेदना-उपचारांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

"अहो, आठवडाभर पाठीला ते विजेचे हलके झटके देणारं मशीन तात्पुरतं लावून पाहिलंत. पायातल्या नसांची आग किती कमी झाली? खरं सांगा."

"निम्मी."

"फक्त निम्मी? मग कायमचं बसवायला पाठ कशाला कापून घ्यायची?"

"सहा वर्षं पायाला चादरसुद्धा सोसत नव्हती. तू पलंग वेगळा केलास."

"चुकून धक्का लागला असता, म्हणून."

"काल दुपारी माझ्या पायाशी बसून पेंगलीस. डोकं माझ्या पायावर टेकलं होतं."

"अगबाई! मग उठवलं का नाही?"

"तासभर हललोसुद्धा नाही."

"अहो, दुखलं असेल ना?"

"थोडं दुखलं. पण उठवलं असतं, तर पुन्हा लांब जाऊन बसली असतीस."

"...चला, आपला नंबर आला. बसवूनच घेऊ."