पाठीचा फोटो

...नाही, पण मी म्हणतो, फोटो काढायचा कुणी? तुम्हाला सांगतो, रोज सकाळी अकराला, दुकानात लोकांची घड्याळं उघडून बसलो रे बसलो की पाठीवर पित्त उठतं, बशीएवढाले चट्टे, आणि खाज अशी की हातातला चिमटा सटकतो, मिनिटकाटा जाऊन बसतो तासकाट्याच्या जागी! बरं, डॉक्टरीणबाईंकडे धावत जावं, शर्ट वर करावा, तर पाठ स्वच्छ! "काका, काहीच नाहीये हो." नाहीये? अहो, मघाशी होतं! पाठ माझीच, पण मला दिसेल तर शपथ!

मग बाई समजावतात, "काका, आपल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, बरेचसे भलेच. आणि अंगात पहारेकऱ्यांसारख्या काही पेशी असतात, हिस्टामिन नावाचं रसायन भरून बसलेल्या. पोटातल्या जंतूंचं बिनसलं की या पेशी उगाच भडकतात नि ते रसायन सांडतात, असं दिसतंय... अजून अभ्यास चाललाय. मध्ये अँटिबायोटिक घेतलंत?" घेतलं होतं, दाढेसाठी. "आणि जेवता काय?" आता काय सांगू? बायको गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून चहा नि पाव, तोही उभ्यानं! एकट्यासाठी कुकर लावायचा, म्हणजे शिट्ट्याही आपणच मोजायच्या! "बरं, पित्त उठलं की घरच्यांना फोटो काढायला सांगा." घरच्यांना! मी आपली मान डोलावली. पोरीच्या वयाची बाई, कशाला उगाच हिरमुसली करा?

माझा फोन बटणांचा. आरशाकडे पाठ करून बघितलं, तर मान धरली. शेजाऱ्यांच्या बेलवर बोट ठेवलं... पण म्हणणार काय? "बारा वर्षं शेजारी राहतो, जरा पाठ बघता?" आलो परत. पाठ माझीच, पण मला दिसेल तर शपथ!

शेवटी पित्त अंगावर घेऊनच कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे पळालो. तो चष्म्यावरून बघतो, "पासपोर्टला का? कोट देऊ?" म्हटलं, कोट नको, शर्टही नको! सगळं ऐकलं त्यानं. हसला नाही हो. दिवा लावला, "श्वास धरा," खटॅक! आणि मग आपणहून फडकं ओलं करून आणलं, पाठीवर ठेवलं, गार... "इथं?" "जरा डावीकडे." "इथं?" तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो, इथं का म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. त्याला वाटलं, खाजेनंच डोळ्यांत पाणी आलंय!

गुण आला म्हणा. गोळ्या, भाज्या, बसून जेवण... महिन्याभरात पाठ कोरी. आता फोटोवाल्याकडे जायचं तरी कुठल्या निमित्तानं? आणि त्याच्या यंत्रातून निघतात एकदम आठ प्रती! एक बाईंनी ठेवून घेतली. फोटो झकास आलाय हो, टाकवत नाही... पण उरलेल्या सात द्यायला सात माणसं आणू कुठून?