न हलणारा टेकू

किरगिझस्तानातल्या नारीनच्या बाजारात, शिकारीच्या सामानाच्या दुकानातल्या रांगेत मेदेर काडतुसांसाठी ताटकळला होता. पुढच्या म्हातारीचं आणि दुकानदार सोवेतबेकचं काही आटपत नव्हतं.

"आपा, हा दोन पायांचा टेकू घ्या. स्वस्त आहे."

"आमची बंदूक म्हणजे याक आहे. या टेकूचे पाय पहिल्याच दिवशी फाकतील."

"मग हा पोलादी. पण महाग पडेल."

"काय? या कानाशी बोल."

"महाग आहे म्हटलं. हवाय कुणाला?"

"आमच्या घरच्यांना."

"नाव काय त्यांचं?"

"नवऱ्याचं नाव घेऊ होय रे? वरच्या कुरणावर लांडगे मारतात ते."

"म्हणजे ते? ते तर टेकूशिवाय मारतात म्हणे."

"लोकांना दुरून काय दिसतं? टेकू होता की."

"कसला?"

"हा." म्हातारीने स्वतःच्या उजव्या खांद्यावर थोपटलं.

"आपा, कानाशी बार?"

"तो कान केव्हाच गेला. श्वास रोखून बसायचं, एवढंच माझं काम. यंदा खोकला लागला, खांदा हलला नि लांडगा निसटला. ते काही बोलले नाहीत. मलाच राहवेना."

मेदेर घाई विसरला. सोवेतबेकने पोलादी टेकू पुसून तिच्या पुढ्यात ठेवला आणि तो डाव्या कानाशी वाकला.

"त्या स्वस्त टेकूच्याच भावात न्या, आपा."

"भावाचं राहू दे. हा हलणार नाही ना? त्यांना न हलणाऱ्याची सवय आहे."