शेजारणीचे तीन ठोके

नाही पण मला सांगा, शनिवारी सकाळी दहा वाजता शेजारच्या भिंतीवर ठक-ठक-ठक झालं, तर माणसानं समजायचं काय? आं? तुम्ही म्हणाल, उठून बघायचं! तुमचं बरं आहे हो... मी नाही ना बघू शकत! चौदा वर्षं झाली मला या बर्फाच्या देशात, तांपेरे शहरात, मी आता इथं मिसळून गेलोय! आणि मिसळून गेलेला माणूस, तुम्हाला सांगतो, दुसऱ्याच्या दारात जात नाही. दुसऱ्याच्या कशाला, स्वतःच्या दारातून बाहेर पडण्याआधी भोकाला डोळा लावून बघतो, जिन्यात कुणी असलं तर बूट, कोट, टोपी घालून आतल्या आत उकडत उभा राहतो, तो मनुष्य गेला की मग निघतो. का? तर त्या बिचाऱ्याला माझ्याशी बोलायची पाळी येऊ नये!

मी काही जन्मतः असा नव्हतो हो. मोगादिशूत आमच्या गल्लीत मी शिंकलो की चार घरांतून दुवा यायची! पण इथं आल्यावर भाषेच्या वर्गातल्या बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "गुलेद, तुझं व्याकरण हळूहळू सुधारेल. आवाज मात्र आजच सुधार." सुधारला! तरी दोन चिठ्ठ्या आल्याच. खाली इमारतीच्या सूचनांच्या फळ्यावर, नाव नाही, गाव नाही, नुसतं 'एक शेजारी'. पहिली, 'चौथ्या मजल्यावर रोज ढोल कोण वाजवतं?' ढोल कसला, माझी बायको इदिल चहासाठी वेलदोडे कुटत होती! दुसरी, 'भांडण चालू असल्यास पोलिसांना बोलवावे का?' भांडण कसलं, मी मोगादिशूला मेहुण्याशी फोनवर बोलत होतो, त्याला मुलगी झाली म्हणून अभिनंदन करत होतो! आणि इमारतीच्या समितीनं बजावलं, तिसरी तक्रार आली तर घर सोडण्याची नोटीस.

आता हा 'एक शेजारी' कोण, ते सांगायला हवं का? भिंतीला भिंत लागून कोण? राऊहाबाई! वय ब्याऐंशी. राऊहा म्हणजे यांच्या भाषेत शांतता. नाव शांतता, चेहरा शांतता! राहायला आलो त्या दिवशी मी मोठ्या प्रेमानं म्हणालो, "नमस्कार मावशी!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, विचार केला, आणि म्हणाल्या, "मला बहीण नाही." दार बंद! त्यावर आठ वर्षं आम्ही शेजारी.

तर त्या शनिवारी ठक-ठक-ठक. न्हाणीघराच्या भिंतीवर. म्हटलं, आली तिसरी तक्रार! मी धावत जाऊन रेडिओ बंद केला. परत ठक-ठक-ठक. चपला काढल्या, मोज्यांवर आलो. ठक-ठक-ठक! पंखा बंद केला, घड्याळ उशीखाली घातलं, तरी ठोके आपले चालूच, मग माझं लक्ष गेलं फ्रिजकडे, घुं घुं करत होता, त्याची पिन उपटली. इदिल कालवण ढवळत होती, तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

ती म्हणते, "गुलेद, आता श्वास चालू ठेवू का?"

म्हटलं, "हळू घे!"

"अरे पण जाऊन विचार ना, काय झालंय त्यांना!"

"विचार काय? असं विचारतात का? आपण मिसळून गेलोय!"

"तू गेला असशील," ती म्हणाली, "मी अजून माणसात आहे."

ऐकलं नाही हो मी! त्याऐवजी काय केलं असेल? माफीचं पत्र लिहायला बसलो! आणि ही भाषा तुम्हाला माहीत नाही... एका शब्दाला पंधरा शेपट्या! 'आवाजाबद्दल' लिहायचं की 'आवाजापासून', की 'आवाजातून', शब्दकोश काढला, तीन कागद फाडले, फाडतानाही आवाज नको म्हणून पाण्यात भिजवून फाडले! दीड तास! आणि मधूनमधून ठक... ठक... मी खूश! म्हटलं, बघ इदिल, ठोके कमी होतायत, राग निवळतोय!

राग निवळतोय म्हणे!

गेलो चवड्यांवर. त्यांच्या दाराच्या टपालाच्या फटीतून पत्र आत सोडलं. वळणार, तेवढ्यात, पत्र पडलेलं दिसलं असावं, आतून बारीक आवाज... "कोण आहे?"

मी कुजबुजलो, "मी, शेजारचा. माफी मागतोय. पत्र टाकलंय."

"काय? मोठ्यानं बोल! मला ऐकू येत नाही!"

"पत्र टाकलंय!"

"नंतर वाचते," म्हणाल्या, "आधी मला उचल. सकाळपासून न्हाणीघरात पडलेय."

तुम्हाला सांगतो... माझा धंदा काय, विचारा ना! मी वृद्धाश्रमात कामाला आहे! पडलेल्या म्हाताऱ्यांना उचलायचा मला दाखला दिलाय सरकारनं! 'ठोक्यांकडे दुर्लक्ष करू नये', हे मी परीक्षेत लिहून पास झालोय! आणि ती बाई दीड तास मदत मागतेय, आणि मी भिंतीपलीकडे फ्रिज बंद करून बसलोय!

दार कुलूपबंद. इदिलनं रुग्णवाहिकेला फोन लावला, किल्लीवाल्या माणसाला लावला. मी जमिनीवर पोटावर झोपलो आणि फटीला तोंड लावलं, कारण अशा वेळी माणसाला झोपू द्यायचं नसतं, बोलत ठेवायचं असतं. पण त्यांना ऐकू येईना! "मोठ्यानं!" म्हणजे ओरडायला हवं. जिन्यात! शनिवारी! आणि ओरडू काय? घाबरल्यावर ती पंधरा शेपट्यांची भाषा पार पळाली डोक्यातून. पाठ असलेलं एकच होतं, इमारतीचे नियम! मग काय, चौदा वर्षांचा कोंडलेला आवाज सोडला, "रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळावीऽऽ! जिन्यात मोठ्यानं बोलू नयेऽऽ! शेजाऱ्यांना त्रास होईल असं वर्तन करू नयेऽऽ!"

सहाही मजल्यांची दारं उघडली! जी माणसं मी आठ वर्षं भोकातून बघत होतो, ती पूर्ण आकारात बाहेर! कुणी घोंगडी आणली, खालच्या मजल्यावरच्या एकानं हत्यारांची पेटी आणली, कुलूपच काढलं. आत गेलो. बाई फरशीवर, ओठ निळे, हातात न्हाणीघराचा ब्रश. मी घोंगडी पांघरली, हात हातात घेतला, गारठलेला होता हो... कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "चुकलो. मला वाटलं तुम्ही तक्रार करताय."

"कसली तक्रार?" त्या म्हणाल्या. "मला दहा वर्षं भिंतीपलीकडचं काही ऐकूच येत नाही."

आणि तो पेटीवाला आहे ना, तो एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला!

मांडीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे रुग्णालयात. इदिल रोज डबा घेऊन जायची. नोटीस? नोटीस आली नाही. पण राऊहाबाई आल्या!

आता रोज दुपारी दोनला बेल वाजते. चाकांचा वॉकर ढकलत आत येतात, सोफ्यावर माझ्या जागेवर बसतात, चहा घेतात, आणि तासभर... एक शब्द नाही! खिडकीतून बर्फ बघायचा. मी पण बघतो. तीन वाजले की उठतात, दारात थांबतात, आणि गंभीरपणे म्हणतात, "छान गप्पा झाल्या."

आणि तुम्हाला सांगतो, काल त्या एका तासात इदिलनं मला मीठ कुठंय विचारलं... तर मला इतका राग आला, म्हटलं, "दिसत नाही का, आम्ही बोलतोय!"