वरचा मजला कुणाचा?

अगं, यंदा आमच्या उधन्याच्या घराचा वेरा, म्हणजे टॅक्स, एकदम दुप्पट आला. बिल बघते तर काय, वरचा मजलाही आमच्याच नावावर! तो तर शेजारच्या काकांचा.

तक्रार केली, महापालिकेत सुनावणी लागली. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले. नाव पुकारलं तशी मी दचकले.

"साहेब, वरचा मजला आमचा नाहीच," मी कसंबसं म्हटलं.

साहेबांनी आप्पांकडे बोट केलं. "मोजणीला आमची माणसं आली तेव्हा यांनीच सांगितलं ना, खाली-वर सगळं आपलंच?"

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "साहेब, उस दिन लडकी देखने मेहमान आनेवाले थे. मेरेको लगा, वहीच आए."

साडी नेसून त्यांना पोहे मीच दिले होते! तरीच ते खाऊन पुन्हा फिरकले नाहीत.

अख्खं ऑफिस हसलं. साहेबांनी हसत हसत वरचा मजला खोडला. वेरा निम्मा झाला. मी पळायला उठले, तर आप्पा खुर्चीतून हलेनात.

"साहेब, घर आधा हो गया, पण लडकी वहीच है. आपके देखने में कोई लडका है क्या?"