सर्व्हरनं नाकारलेली सही

माझ्या प्रोग्रॅमचं कौतुक करताय ना, मग सलमाचंही ऐका. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी मी साठी उलटल्यावर, पुस्तकं वाचून तो लिहिला. न्हावा शेव्याच्या बंदरातून कोणता कंटेनर सुटला, हे त्यानं जहाज कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं. प्रत्येक विचारणेवर वेळ आणि गुप्त किल्लीनं केलेली डिजिटल सही. सर्व्हर मात्र दर वेळी सही नाकारायचा.

शेवटी मालक म्हणाले, "काकू, आज चाललं नाही तर काम वाशीच्या कंपनीला देतो."

नाक मुठीत धरून मी जहाज कंपनीला फोन लावला. मदतीला सलमा नावाची मुलगी होती.

"काकू, तुमच्या कॉम्प्युटरवर किती वाजलेत?"

"मला घड्याळ कळतं हो!"

"तरी सांगा ना."

"बारा दहा."

"माझ्याकडे बाराच वाजलेत."

एसटी चुकू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. त्याच सवयीनं मी कॉम्प्युटरही पुढे ठेवलेला. अजून न आलेल्या वेळेची सही सर्व्हर कशी मानेल?

"सर्व्हरनं उत्तरात स्वतःची वेळ लिहिलीय, काकू. तुमचा प्रोग्रॅम 'नाकारलं' एवढंच वाचून पुढचं टाकून देत असणार."

पोरगी एकदाही हसली नाही. मी कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घेईपर्यंत तिनं फोन धरून ठेवला, आणि कंटेनरांची यादी स्क्रीनवर उतरली. काम माझंच राहिलं.

आता कुणीही विचारू दे, मी ताठ मानेनं सांगते: प्रोग्रॅम लिहायला माझी मी शिकले, घड्याळ बघायला सलमानं शिकवलं.