बळ द्यायचं ठरलं

कर्वेनगरच्या बसथांब्यावर रांगेत उभ्या असलेल्या अवधूतच्या पुढे नऊवारी नेसलेल्या मंदाकिनीताई उभ्या होत्या आणि शेजारीण त्यांची उलटतपासणी घेत होती.

"मेटकुटाची पाकिटं तशीच परत आणलीत? त्या व्यापार मेळाव्याला शेजारी देशांचे व्यापारी येणार होते ना?"

"आले की. महिला उद्योजकांना बळ द्यायचं ठरलंसुद्धा."

"कोणी ठरवलं?"

"मंचावरच्या पुरुषांनी. आम्हाला वेळ कुठे होता? आम्ही दारात औक्षण करत होतो."

"आणि मेटकूट?"

"नेपाळच्या पाहुण्यांनी विचारलं हो, मेटकूटवाल्या बाई कुठे भेटतील."

"मग?"

"मी तोंड उघडायच्या आत संयोजक त्यांना म्हणाले, आत चला, त्यांच्यावरची चित्रफीत सुरू होतेय."

"तुमच्यावरची? कशी झालीय?"

"छान झाली म्हणे. आत खुर्च्या पाहुण्यांपुरत्याच होत्या."